कासरा कधी सोडायचा?



भाव, वीज, कर्ज हे विषय बाजूला ठेवून आम्ही या वेळी भलत्याच गोष्टीवर लिहितो आहोत, असे काहींना वाटेल. वय झालेल्या माणसाने गाडी चालवणे कधी थांबवावे, त्याची पुन्हा परीक्षा घ्यावी की नाही, हा मोटारी बाळगणाऱ्या शहरी लोकांचा प्रश्न, असा आपला समज आहे. तो खरा नाही. शहरातला सत्तरीचा माणूस हात दाखवला की रिक्षात बसतो. आपल्याकडे मुलगा पुण्याला कंपनीत, सून आणि नातवंडे तिकडेच, गावात बाप आणि माय. वावर गावापासून तीन किलोमीटर, बँक तालुक्याला, दवाखाना त्याच्याही पुढे. फटफटीवर बसतो तो बाप. हंगामात सालदार मिळाला नाही तर ट्रॅक्टरवरही तोच. कोरडवाहू शेतीचा गाडा आज साठी ओलांडलेल्या माणसांच्या हातात आहे. तेव्हा हा प्रश्न शहराचा कमी आणि आपला जास्त आहे.

आपल्या बापजाद्यांना तो पडला नाही, कारण अर्धी बंडी बैलच चालवत होते. हिंगणघाटला कापूस घालून परतताना कास्तकार बंडीत आडवा झाला, कासरा सैल सुटला, तरी बैल बरोबर दाराशी येऊन उभे राहत. पुढे खड्डा आला की थबकत, पोर आडवे आले की बिचकत. म्हणजे गाडी हाकणारे तिघे होते, एक माणूस आणि दोन बैल. माणसाची नजर अधू झाली तरी बैलांचे चार डोळे शाबूत होते. म्हाताऱ्याच्या हातून कासरा सुटायचा तो हळूहळू. कोणाला तो मागून घ्यावा लागत नसे आणि कोणाचा अपमानही होत नसे.

ट्रॅक्टरला डोळे नाहीत. चालवणाऱ्याला जे दिसले नाही ते त्यालाही दिसत नाही. आणि रस्ताही पूर्वीचा राहिलेला नाही. देवळीवरून जाणारा नागपूर-यवतमाळ रस्ता, हिंगणघाट-जामचा, तळेगाव-कारंज्याचा, हे सगळे आता चौपदरी महामार्ग झाले. समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला. तो आपल्या सेलू, वर्धा, आर्वी तालुक्यांतल्या जमिनींतून जातो आणि त्यावर दुचाकीला आणि ट्रॅक्टरला मज्जाव आहे. म्हणजे जमीन आपली गेली आणि आपण राहिलो जुन्या रस्त्यांवर. त्या रस्त्यांवर काय होते ते पाहा. ताशी १०० किलोमीटरने येणारी मोटार एका सेकंदात २८ मीटर येते. दोनशे मीटरवर दिसलेली गाडी सात सेकंदांत अंगावर असते. भरलेली ट्रॉली घेऊन दुभाजकातली खिंड ओलांडायला ट्रॅक्टरला जवळपास तेवढाच वेळ लागतो. ज्याने उभा जन्म पन्नासच्या वेगाने येणाऱ्या एसटीचा अंदाज बांधला, त्याचा अंदाज इथे चुकतो. रस्ता तरुण झाला आणि माणूस म्हातारा झाला, अशी ही गत आहे.

आता शरीराचे. डोळ्यात उजेड शिरण्याचे दार वयाबरोबर लहान होते, आतले भिंग पिवळे पडते. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो त्याच्या साधारण तिसरा हिस्सा साठीतल्या डोळ्याला मिळतो. दिवसा हे कळत नाही, कळते ते दिवेलागणीला. समोरून पांढऱ्या झगझगीत दिव्यांची गाडी गेली की त्यानंतरचे काही क्षण म्हातारा माणूस निव्वळ अंदाजाने चालवत असतो. मोतीबिंदू असेल तर तो प्रकाश डोळ्यात फाकतो आणि पुढचे सगळेच पुसले जाते. कापसाची वेचणी नेमकी दिवस लहान असण्याच्या काळात येते. कार्तिकात सहाला अंधार पडतो, वेचणीच्या बाया रस्त्याच्या कडेने घरी येत असतात, आणि ट्रॉलीच्या मागच्या दिव्यावर गाठोडे लोंबत असते.

मेंदूला दिसले आणि पायाने ब्रेक दाबला, या दोहोंत जो वेळ जातो तोही वयाबरोबर वाढतो. हिशेब मांडू. ताशी ४० किलोमीटरचा वेग म्हणजे सेकंदाला ११ मीटर. एका सेकंदात ज्याचा पाय ब्रेकवर जातो, त्याची गाडी ब्रेक लागण्यापूर्वी ११ मीटर पुढे गेलेली असते. ज्याला दोन सेकंद लागतात त्याची २२ मीटर. तीन फुटी अंतरावरच्या पऱ्हाटीच्या भाषेत सांगायचे तर एकाची बारा तासे, दुसऱ्याची चोवीस. मधल्या बारा तासांत कोण उभे होते, एवढाच प्रश्न उरतो.

ट्रॅक्टरचे दुखणे आणखी वेगळे. त्याला डाव्या-उजव्या चाकाचे दोन वेगळे ब्रेक असतात. वावरात वळणासाठी ते सुटे ठेवतात, रस्त्यावर येताना दोन्ही पायट्या कडीने जोडायच्या असतात. कडी लावायची राहिली आणि रस्त्यावर एकच ब्रेक दाबला गेला, तर ट्रॅक्टर एका अंगाला ओढला जातो आणि उलटतो. ही विसर तरुणालाही पडते, पण वयाने ती वाढते. क्लच दाबायला गुडघा लागतो, मागची ट्रॉली पाहायला मान वळावी लागते, मागून वाजणारा भोंगा ऐकायला कान लागतो. पांदणीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी ज्वारी किंवा तूर उभी असली की डोळ्यांना काही दिसतच नाही, तिथे कानाचीच साथ. आणि एक गोष्ट वयाशी थेट संबंधित नाही, पण आम्ही शेतीशास्त्र शिकलेले असल्याने सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑर्गॅनोफॉस्फरस गटाची औषधे फवारताना अंगात गेली तर बुबुळाचे छिद्र आकसते आणि नजर धूसर होते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरे बसली, ते आपण विसरलेलो नाही. दिवसभर फवारून संध्याकाळी फटफटीला लाथ मारणारा माणूस आधीच अर्धा आंधळा असतो. तो सत्तरीचा असेल तर बोलायलाच नको. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशीपोटी वावरात जाणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. साखर उतरली की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ती रस्ता पाहून येत नाही.

मग काय, पासष्टी झाली की सगळ्यांचे लायसन काढून घ्यायचे? याला आमचा साफ विरोध आहे. पहिली गोष्ट म्हणजे आपल्या पिढीचे कागदावरचे वय हीच एक मौज आहे. बाप शाळेत घालायला गेला, मास्तरांनी पोराच्या तोंडाकडे पाहिले आणि १ जून किंवा १ जुलै लिहून टाकला. गावात चाळीस माणसे एकाच दिवशी जन्मलेली. जी शाळेतच गेली नाहीत त्यांच्या आधार कार्डावर १ जानेवारी. अशा तारखेवर माणसाचा हक्क काढणार? दुसरे, साठीत कोणी खचतो आणि कोणी पंचाहत्तरीत सरळ तास धरतो. बैलबाजारात आपण बैलाचा जन्मदाखला मागत नाही. दात पाहतो, वय ताडतो, पण सौदा त्यावर करत नाही. जुवाखाली घालून चालवून पाहतो. म्हाताऱ्यांनी रागावू नये, पण जी अक्कल आपण बैल घेताना वापरतो ती माणसाच्या जिवाच्या वेळी गुंडाळून ठेवायची हे काही बरोबर नाही. दात पाहा आणि चालवून पाहा.

तिसरे असे की रस्त्यावरचे मरण काही फक्त म्हाताऱ्यांमुळे येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये सेलसुऱ्याजवळ पुलावरून गाडी कोसळून वैद्यकीय शिक्षण घेणारी सात मुले गेली, ती सगळी तरुण होती. पुण्यात १९ मे २०२४ च्या रात्री ज्या पोर्शे गाडीने दोघांचा जीव घेतला त्या प्रकरणातला मुलगा १७ वर्षांचा होता. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने झाली. आयुष्याच्या त्या टोकाला कायदा जागा झाला. या टोकाला काय आहे?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तिच्यानुसार खासगी गाडीचे लायसन तिशीच्या आत काढले तर चाळिशीपर्यंत चालते. तीस ते पन्नासमध्ये काढले तर १० वर्षे. पन्नास ते पंचावन्नमध्ये काढले तर साठीपर्यंत. पंचावन्नानंतर दर वेळी ५ वर्षे. चाळिशीनंतर डॉक्टरचा दाखला लागतो, नमुना १-अ. मुदत संपून एक वर्ष उलटून गेले तरच पुन्हा गाडी चालवून दाखवावी लागते. म्हणजे ज्याने वेळेवर फॉर्म भरला तो नव्वदीपर्यंत एकदाही गाडी चालवून न दाखवता लायसन बाळगू शकतो, आणि जो आळशीपणाने वर्षभर थांबला त्याचीच परीक्षा! याच कायद्याच्या १६ व्या कलमाने अधिकाऱ्याला असाही अधिकार दिला आहे की, आजारामुळे किंवा व्यंगामुळे एखादा गाडी चालवायला लायक राहिला नाही असे सबळ कारणाने वाटले, तर केव्हाही वैद्यकीय दाखला मागता येतो, लायसन रद्दही करता येते. आमच्या गावांत हे कलम वापरलेले आम्ही पाहिले नाही.

त्या १-अ नमुन्यात प्रश्न मात्र चांगले आहेत. स्वच्छ उजेडात, चष्मा असेल तर लावून, २५ मीटरवरची मोटारीची नंबरपाटी वाचता येते का? लाल-हिरवा रंग ओळखता येतो का? रातांधळेपणा आहे का? साधा भोंगा ऐकू येतो का? या चार प्रश्नांची खरी उत्तरे घेतली तरी निम्मे काम झाले. पण दाखला कसा मिळतो हे आपल्याला ठाऊक आहे. माणूस समोर नसतानाही सही होते, शिक्का बसतो. कोण करतो, कुठे करतो, हे लिहून आम्हाला कोणा एकावर बोट ठेवायचे नाही. पैसे देणारे आपणच आहोत आणि त्या सहीमुळे मरणारेही आपल्यातलेच असतात.

आता काहीजण आम्हालाच अडवतील. सरकारने आपल्या वाटेतून दूर व्हावे, परवान्यांचे राज्य संपावे असे जन्मभर सांगणारे तुम्ही, आणि आज सरकारी परीक्षा मागून घेता? उत्तर सोपे आहे. आपल्या वावरात काय पेरायचे, माल कुठे विकायचा, हा आपला प्रश्न. त्यात बुडालो तर आपण बुडतो. रस्ता मात्र आपल्या सातबाऱ्यावर नाही. तिथे आपली चूक दुसऱ्याच्या पोराला भोवते. स्वातंत्र्य मागणाऱ्याने हा फरक आधी ओळखला पाहिजे.

आणि ज्यांना दुसऱ्याच्या पोराची गोष्ट पुरेशी वाटत नाही, त्यांनी आपल्या जमिनीची गोष्ट ऐकावी. चालवणाऱ्याजवळ चालू लायसन नसताना अपघात झाला तर विमा कंपनी जखमीला किंवा मृताच्या वारसांना भरपाई देते आणि मग मालकाकडून ती वसूल करण्याचा हक्क मागू शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्णसिंग निकालापासून ही वाट पक्की झाली आहे. ट्रॉलीत बसलेल्या माणसांची गोष्ट तर आणखी अवघड, कारण शेतीच्या ट्रॅक्टरच्या विम्यात बहुतेक वेळा ती धरलेलीच नसतात. वेचणीच्या पंधरा बाया मागे बसवून बहात्तरीचा, मोतीबिंदू पिकलेला माणूस ट्रॅक्टर हाकतो, तेव्हा त्याने त्या बायांचा जीव आणि नातवाची जमीन, दोन्ही पणाला लावलेले असते. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पूर्वी ती २ वर्षांपर्यंत होती.

दुसऱ्या देशांनी काय केले? जपान हा म्हाताऱ्यांचा देश. १९ एप्रिल २०१९ ला टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या एका निवृत्त बड्या अधिकाऱ्याच्या मोटारीने सायकलवरच्या एका आईला आणि तिच्या तीन वर्षांच्या मुलीला चिरडले. गाडीत बिघाड होता, असे तो म्हणत राहिला. त्याने ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला होता, असे म्हणून न्यायालयाने २०२१ साली त्याला ५ वर्षांची शिक्षा दिली. तिथे पंचाहत्तरीनंतर लायसन नवे करताना स्मरणशक्तीची चाचणी होते. २०२२ पासून, पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्यांनी काही ठरावीक नियम मोडलेले असतात त्यांना गाडी चालवूनही दाखवावी लागते. पण आम्हाला त्यांची आवडलेली गोष्ट वेगळी आहे. १९९८ पासून तिथे म्हातारी माणसे आपण होऊन लायसन परत करू शकतात. परत करणाऱ्याला इतकी वर्षे गाडी चालवल्याचा दाखला मिळतो आणि अनेक गावांत तो दाखवला की बसच्या, टॅक्सीच्या भाड्यात सूट मिळते. लायसन गेले तरी मान राहतो.

डेन्मार्कचा अनुभव उलट बाजूचा. २००६ साली त्यांनी सत्तरीवरच्यांना लायसनसाठी बुद्धीची चाचणी लावली. पुढे अभ्यास झाला तेव्हा दिसले की त्यामुळे गाडी चालवणाऱ्या म्हाताऱ्यांचे अपघाती मृत्यू काही घटले नाहीत, मात्र पायी आणि सायकलने जाणारी म्हातारी माणसे पूर्वीपेक्षा जास्त मेली. गाडी सुटली म्हणून ती रस्त्यावर उघडी पडली. २०१७ साली डेन्मार्कने वयावर बांधलेली तपासणी काढून टाकली.

आपल्या सरकारला सांगायचे ते नेमके हेच आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचे तिकीट माफ झाले, पासष्टीच्या पुढे निम्मे. चांगले केले. पण बसच येत नसेल तर माफ केलेल्या तिकिटाचे करायचे काय? २०२१-२२ च्या एसटी संपात बंद पडलेल्या कितीतरी मुक्कामी गाड्या आमच्या फिरण्यातल्या गावांना पुन्हा दिसलेल्याच नाहीत. म्हातारा माणूस हौसेने फटफटीवर बसत नाही. बाजाराच्या दिवशी सकाळी नेणारी आणि अंधाराआधी परत आणणारी एक गाडी मिळाली, तर निम्म्या म्हाताऱ्यांना कोणी सांगावेही लागणार नाही.

परीक्षेबाबत आमचे म्हणणे असे. साठीला पहिली खरी तपासणी व्हावी, मग दर तीन वर्षांनी, आणि सत्तरीनंतर दर वर्षी. डोळे, कान, मान, गुडघा, आणि ज्याची जी गाडी आहे ती प्रत्यक्ष चालवून. जो ट्रॅक्टर चालवतो त्याची परीक्षा ट्रॉलीसह. ही तपासणी वर्ध्याला हेलपाटे घालून नको, तालुक्याला, आठवडी बाजाराच्या दिवशी, दलालाशिवाय आणि फुकट हवी. जिथे दोष सापडेल तिथे लायसन एकदम काढून घेण्याआधी मधली वाट असावी. फक्त दिवसा, गावाच्या पंचक्रोशीत, महामार्गावर नाही, ट्रॉलीत माणसे नाहीत, असा मर्यादित परवाना मिळण्याची सोय कायद्यात करावी. ज्याचा दोष मोतीबिंदू आहे त्याला घरी बसवायचे नाही, शस्त्रक्रियेला पाठवायचे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचे रुग्णालय आपल्याच जिल्ह्यात आहेत. पडदा उतरला की बहुतेकांना पुन्हा पाटी वाचता येते.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. घरात काय करायचे ते आजच ठरवता येईल, आणि खरी अडचण तिथेच आहे. बापाला सांगणार कोण? 'बाबा, आता गाडी नका चालवू' म्हटले की उत्तर ठरलेले: 'तू मले शिकवतं का? तुह्या जन्माच्या आधीपासून चालवून रायलो मी!' पुण्याचा मुलगा फोनवर सांगतो, त्याचे बापाला लागतेही आणि पटतही नाही, कारण वावरात जायची दुसरी सोय तो मुलगा करून देत नाही. सून बोलली तर मर्यादा मोडली. राहिली माय. मागच्या सीटवर रोज बसणारी तीच असल्यामुळे तिला सगळे माहीत असते. गाडी खड्ड्यात किती वेळा गेली, भोंगा किती वेळा ऐकू आला नाही, ओळखीचे वळण कोणत्या दिवशी चुकले, हे तिला विचारा. माय मागे बसायला नाही म्हणू लागली की समजायचे, डॉक्टरच्या दाखल्याची वाट पाहायची गरज उरली नाही.

नंबरपाटीची परीक्षा तर चावडीसमोर होऊ शकते. २५ मीटर म्हणजे तीन फुटी पऱ्हाटीची साधारण सत्तावीस तासे. एका टोकाला कोणाची तरी गाडी उभी करा, दुसऱ्या टोकाला पन्नाशीच्या पुढचे सगळे एकेक करून उभे राहा, एकेक डोळा झाकून पाटी वाचा. पुढाऱ्यांनी पहिल्यांदा उभे राहावे. आम्ही जिल्हा बैठकीला येऊ तेव्हा सभामंडपाबाहेर अंतर मोजून चुन्याची रेघ मारून ठेवा. पाटी वाचता आली नाही तर आम्ही परतीची एसटी धरू. फक्त ती किती वाजता आहे आणि आहे की नाही, हे गावकऱ्यांनी आधी कळवावे.